बापाचा नवस

परवा वाशीच्या भाजी मार्केटात आमच्या चर्चमधल्या एक बाई भेटल्या. म्हणाल्या, "अस्मिता, तुझ्या भावाच्या पिक्चरची कॅसेट आणून बघितली गं. डोळ्यांत पाणी आलं. काय संस्कार होते तुमच्या घरात. आमची पोरं बघ, टीव्हीसमोरून हलत नाहीत." माझ्या हातात मेथीची जुडी होती. ती त्यांच्या डोक्यात घालावी असं फार वाटलं. घातली नाही, कारण पिक्चर पहिल्यांदा दाखवला त्या दिवशी त्या बाई चर्चच्या हॉलमध्ये नव्हत्या. जे हॉलमध्ये होते ते माझ्यासमोर हा विषय काढत नाहीत.

पिक्चर म्हणजे माझा भाऊ विश्वजित याने केलेला लघुपट. 'गव्हाणीतली काडी' असं नाव. कडक कॅथलिक घरातलं बालपण हा विषय. कुठल्याशा स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं, पेपरात दोन ओळी आल्या, आणि तेव्हापासून नेरुळमध्ये आमचं घर म्हणजे पवित्र कुटुंबाची शाखा झालं. पिक्चरात आप्पा आहेत, आई आहे, विश्वजित आहे, शेंबडी आणि झोपाळू अशी मीही आहे. आमची थोरली बहीण उज्वलाही आहे, पण पिक्चरातली उज्वला ही उज्वला नाहीच. खरी कोण ते मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसले आहे. राग शांत झाल्यावर लिही, असं मला एका मैत्रिणीने सांगितलं. तेवढी वाट पाहिली तर मी म्हातारी होईन.

आम्ही मूळ नगर जिल्ह्यातले. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे देव आमच्या घरात पिढीजात. आप्पा, म्हणजे रावसाहेब, रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि आम्ही नेरुळला सिडकोच्या घरात आलो. आई शकुबाई. तिचा घरातला आवाज फक्त प्रार्थनेत ऐकू यायचा. शेजारी साताऱ्याच्या पुतळामावशी, त्यांचे यजमान तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. मावशींच्या घरी टीव्ही होता आणि आमच्या घरी क्रूस.

रोज संध्याकाळी जपमाळ. थंड लादीवर गुडघे टेकून, पाठ सरळ, हात जोडलेले. भिंतीपलीकडे मावशींच्या घरी पिक्चर रंगात आलेला असायचा, गाणी सगळी ऐकू यायची, आणि आम्ही जपमाळेतल्या दुःखाच्या रहस्यांत अडकलेलो. डुलकी लागली की आप्पांची टपली. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मटण बंद, गोड बंद, कुणाच्या वाढदिवसाला जाणं बंद. शाळेत बक्षीस मिळालं तर आधी वेदीसमोर ठेवून यायचं, मग घरी दाखवायचं. दर महिन्याला पापनिवेदनाला जायचं. आणि तिथून बाहेर आलं की आप्पा चर्चच्या पायरीवरच विचारायचे, "फादरला काय काय सांगितलंस? मला सांग." आम्ही बिचारी सगळं पुन्हा सांगायचो आणि घरी येऊन वेगळा मार खायचो. पापनिवेदन गुप्त असतं, ते बापालाही विचारता येत नाही, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

हे सगळं पिक्चरात आहे. पायरीवरचा प्रसंगसुद्धा आहे. पण त्यावर विश्वजितने असं काही पेटीचं संगीत टाकलंय की लोक हसतात. आप्पांची तंबाखू तर पिक्चरातली सगळ्यांची लाडकी जागा. जपमाळ संपली की आप्पा भिंतीला टेकून बसत, सदऱ्याच्या खिशातून चंची काढत, तळहातावर तंबाखू आणि चुना घेऊन अंगठ्याने चोळत, दोनदा थोपटत आणि चिमूट ओठाखाली ठेवत. मग त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू उतरत. तेवढा वेळ आम्ही पोरं मोकळी. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, आधी मात्र ते तंबाखूला शिवत नसत. देवाचा नियम म्हणजे नियम.

आता त्या काडीचं सांगते. नाताळाच्या आधी चार आठवडे आई लाकडी गव्हाणी काढून ठेवायची. मुलाने काही चांगलं काम केलं की त्याने तिच्यात पेंढ्याची एक काडी टाकायची. म्हणजे नाताळाच्या रात्री बाळ येशूला मऊ अंथरूण होतं. आमच्याकडल्या पुष्कळ घरांत ही पद्धत आहे, गोड पद्धत आहे. पण आमच्या घरात ताईने टाकलेली काडी तिची धरली जात नसे. मी उज्वलाला ताई म्हणते. ताईने धुणं धुवावं, पाणी भरावं, माझ्या वेण्या घालाव्यात, आणि काडी विश्वजितच्या नावाने पडावी. एकदा मी विचारलं तर आप्पा म्हणाले, "तिचं सगळं आधीच देवाचं हाय. तिला येगळ्या काडीची गरज न्हाई." पिक्चरात गव्हाणीत काडी टाकणारा हात विश्वजितचा आहे. त्यातली एकही काडी त्याच्या कामाची नव्हती, पण कॅमेऱ्याला ते कुठून कळणार.

ताईचं सगळं आधीच देवाचं का, तर नवसामुळे. विश्वजित तान्हा असताना गावी त्याला घटसर्प झाला. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा आप्पा गावच्या देवळात मरियामातेपुढे आडवे पडले आणि म्हणाले, माझा पोरगा वाचव, माझी पोरगी तुला देतो. पोरगा वाचला. पोरगी तेव्हा पाच वर्षांची होती आणि दवाखान्याच्या आवारात चिंचा वेचत होती. तिला काही विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. माणूस नवस बोलतो तेव्हा नारळ बोलतो, उपास बोलतो, पायी चालत येईन म्हणतो. आमच्या बापाने स्वतःची एखादी वस्तू देण्याऐवजी दुसऱ्याचा जीव बोलला. वर त्याचा त्याला केवढा अभिमान. पाहुणे आले की ताईला पुढे उभी करून सांगायचे, ही देवाची हाय.

देवाची म्हणजे काय, ते मी सांगते. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला नाचायचं नाही. केसांत अबोली माळायची नाही. आठवीत तिला चित्रकलेच्या परीक्षेला बसायचं होतं, तर आप्पा म्हणाले, मठातल्या सिस्टर लोकांना चित्रं काय करायची. ती चित्रं फार सुरेख काढायची. जवळच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या होड्या काढायची, वाळत घातलेली मासळी काढायची, आणि वही पुतळामावशींकडे ठेवायची. मावशी आईला एकदा म्हणाल्या, "शकू, पोरीला कंदी इचारलंस का, तुला जायचं हाय का म्हून?" आई म्हणाली, "देवाचं असतंय ते, आपण काय इचारायचं." मावशी उठून गेल्या. पुढे कित्येक दिवस त्या आमच्या दारात बसल्या नाहीत.

दहावीचा निकाल लागला, ताईला चांगले मार्क पडले, आणि जुलैमध्ये आप्पा तिला नगरकडच्या एका मठात पोचवून आले. जाण्याआधी ते एकटे गावी जाऊन तिचा बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन आले होते. ते परत आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, लेक जाणार म्हणून बापाचं मन भरून आलंय. मी स्वतः रडले होते त्यांच्याकडे बघून. आज आठवलं की मस्तकात तिडीक जाते.

मठाबद्दल मी वाकडं बोलणार नाही. तिथे ताईला कुणी छळलं नाही. ती शिकली, बालवाडीचं ट्रेनिंग घेतलं, पांढरा झगा घातला, काही वर्षांची तात्पुरती व्रतं घेतली. ती संपून पुन्हा घ्यायची वेळ आली तेव्हा तिथल्या मदरनी तिला खोलीत बोलावून विचारलं, "उज्वला, तुला इथं यायचं होतं का?" ताई सांगते, तो प्रश्न ऐकून तिला आधी अर्थच लागला नाही. मग ती इतकी रडली की मदरनी दार लावून घेतलं. मदर म्हणाल्या, "तुला देवाचं बोलावणं नाही, बाळ. त्यात पाप नाही. घरी जा."

घरी म्हणजे आमच्या घरी. एक पत्र्याची पेटी घेऊन ती दारात उभी राहिली आणि आप्पांनी आतून विचारलं, "कशाला आलीस?" ते साल त्र्याण्णव. त्या दिवसापासून आप्पांनी ताईच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. देवाच्या माणसाकडून सेवा घ्यायची नसते म्हणे. तिने रांधलं तर ते आईच्या हातून वेगळी भाकरी करून घेत. रंगीत नेसायचं नाही, लग्नाचं नाव काढायचं नाही, आज ना उद्या परत जायचंय असं धरून राहायचं. ती दिवाळ्याला कोळ्यांच्या पोरांची बालवाडी चालवायला लागली, तर तिथेही पांढरी साडी. कोळणी तिला विचारायच्या, "बाय, तुजा कोन मेला का गो? सदान्‌कदा पांढराच नेसतंस." ती हसून जवळा घेऊन घरी यायची. तो जवळाही आप्पांच्या ताटात जायचा नाही.

ती घर सोडून का गेली नाही, असं तुम्ही विचाराल. तीच तर मेख आहे. आप्पा तिला मारत नसत, ओरडत नसत. विश्वजितला सर्दी झाली की फक्त तिच्याकडे बघत. तो बारावीला एका विषयात नापास झाला, तेव्हा जेवताना म्हणाले, "नवस अर्धा राहिला की आसंच व्हतंय." एकदा ताईने दिवाळ्यात खोली बघितली, आगाऊ भाड्याचं बोलून आली, आणि त्याच आठवड्यात विश्वजित मित्राच्या मोटारसायकलवरून पामबीच रोडला पडून पाय मोडून घेऊन आला. आप्पा दवाखान्यात तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "बघ." एवढंच. ताईने खोलीला नाही म्हणून सांगितलं. शिकलेली बाई, पोरांना शिकवणारी बाई, पण रात्री विश्वजित खोकला की उठून बसायची. त्याला काही झालं तर आपल्यामुळे, हे तिच्या हाडात मुरलं होतं. मी किती वेळा सांगितलं, ताई, पाय मित्राच्या दारूमुळे मोडला. ती म्हणायची, "मला पटतं गं. पण भीती जात नाही."

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो आमचा विश्वजित. वाईट मुलगा नाही, लाडावलेला आहे. दादरला व्हिडिओचा कोर्स केला, नेरुळमधल्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे लागला, आणि मालकाचा कॅमेरा सुट्टीच्या दिवशी मागून त्याने हा पिक्चर करायला घेतला. आमच्याच घरात शूटिंग. आप्पांनी आप्पांचं काम केलं, आईने आईचं. लहानपणच्या आमच्यासाठी चर्चमधली पोरं आणली. पिक्चरभर बहिणीचा आवाज गोष्ट सांगत राहील असं त्याच्या डोक्यात होतं, म्हणून तो ताईकडे आला.

ताई म्हणाली, "सांगते. पण एक वाक्य माझं राहील. नवस आप्पांनी केला होता, मी नाही, मला कुणी विचारलं नव्हतं. एवढं पिक्चरात पाहिजे."

"डन," विश्वजित म्हणाला.

"आप्पा बसलेले असताना, सगळ्या लोकांसमोर ते ऐकू आलं पाहिजे."

"अरे ताई, बोललो ना. टेन्शन नको घेऊ."

आमच्या स्वयंपाकघरात पंखा बंद करून, घामाघूम होत तिने ते सगळं वाचलं. तिचं वाक्य आलं तेव्हा मी ओट्याजवळ उभी होते. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. वाचून झाल्यावर ती दोन तांबे पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "एकदा लोकांत बोललं गेलं की मग मी दिवाळ्याला जाईन. मग मला नाही भीती वाटणार." पिक्चर दाखवायच्या दिवसाची ती वाट पाहायला लागली. तिने वाशीहून एक निळी साडीसुद्धा आणून पेटीत ठेवली.

नाताळाच्या आधीचा रविवार होता. चर्चच्या हॉलमध्ये पांढरा पडदा, भाड्याने आणलेला प्रोजेक्टर, खुर्च्या भरून लोक. शेजारधर्म म्हणून पुतळामावशीही आल्या होत्या. प्रमुख पाहुणे म्हणून विश्वजितने आमच्या गावचे जुने धर्मगुरू फादर लूकस यांना आणलं होतं. आमचे सगळ्यांचे बाप्तिस्मे त्यांनीच केले. आता खूप थकले होते, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आले होते, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून त्यांच्या शेजारी बसले, आई त्यांच्या पलीकडे. मी आणि ताई त्यांच्या मागच्याच रांगेत. ताई अजून पांढऱ्याच साडीत. तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

पिक्चर सुरू झाला. ताईचा आवाज हॉलभर पसरला आणि लोक शांत झाले. जपमाळ, टपली, पायरीवरचं पापनिवेदन. लोक हसत होते. आप्पा चंची काढून तंबाखू चोळतात ती जागा आली तेव्हा तर टाळ्याच पडल्या. आप्पांनी मान खाली घालून लाजल्यासारखं केलं. मग नवसाची जागा आली. आजारी बाळ, मरियामातेपुढे आडवा पडलेला बाप. माझ्या मनगटावरची बोटं घट्ट झाली.

पडद्यावर पांढऱ्या फ्रॉकमधली एक गोरी मुलगी खिडकीशी आली. उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर. दूर कुठेतरी घंटा वाजली. मुलगी हसली. मग ताईचाच आवाज आला, दुसरीकडून कापून आणलेला: "मला देवाचं घर फार आवडायचं." आणि पिक्चर पुढे गेला.

ते वाक्य तिने चर्चच्या बागेतल्या जांभळीबद्दल बोलताना म्हटलं होतं. माझ्यासमोर म्हटलं होतं. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. ताईने माझं मनगट सोडलं. मी उठून मागे प्रोजेक्टरजवळ गेले आणि विश्वजितला विचारलं, "तिचं वाक्य कुठंय?"

"हळू बोल ना यार," तो म्हणाला. "आप्पा एकदम व्हिलन होत होते. फिल्मचा मूडच जायचा. आणि हॉल चर्चचा आहे. नंतर बोलू."

सख्खी बहीण याच्या खोकल्याला रात्री उठून बसते, आणि हा तिला पिक्चरच्या मूडसाठी कापतो. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पिक्चर संपला, दिवे लागले, लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. फादर लूकसना आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला माईक दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"विश्वजित, पिक्चर चांगला झाला," ते म्हणाले. "मला एका डोळ्यानं दिसलं, पण सगळं दिसलं. फक्त एक चूक आहे, बाळा. पिकल्या केसांचा रावसाहेब तंबाखू खाताना दाखवलाय. उज्वलाच्या दहावीनंतर तंबाखू कुठली? त्यानं ती तेव्हाच सोडली."

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "नाही फादर, अजून खातात."

"छे," फादर म्हणाले. "मला ठाऊक आहे ना. हा माझ्याकडे उज्वलाचा दाखला न्यायला आला होता. म्हणाला, नवस फेडायचाय, पोरीला मठात घालतोय. मी विचारलं, पोरीची इच्छा आहे का? म्हणाला, विचारलं नाही. तेव्हा मी त्याला सांगितलं, रावसाहेब, नवस बोलणाऱ्यालाच लागतो. दुसऱ्याला लागत नाही, पोटच्या पोरीलासुद्धा नाही. तुला फेडायचाय तर तुझं काहीतरी दे. बिशपांना विचारून मी त्याला नवस बदलून दिला. पोरीला मोकळी कर आणि तू तंबाखू सोड, मरियामातेला ते पोचेल. पापनिवेदनात नाही सांगितलं हे, उघड्या अंगणात सांगितलं, म्हणून बोलतोय. तो हो म्हणाला. पुढं कळलं, उज्वला मठात गेली. मला आनंद झाला. म्हटलं, पोरगी आता स्वतःच्या मनानं गेली."

हॉलमध्ये कुणी हलेना. म्हातारा आपल्याच आठवणीत खूश होता. मग त्याला त्या शांततेचं काहीतरी वाटलं. तो आप्पांकडे वळला. आप्पांचा हात सदऱ्याच्या खिशावर होता.

"रावसाहेब, सोडलीस ना?"

आप्पांनी खिसा मुठीत धरला. फादरनी एका डोळ्याने हॉलमध्ये शोधलं आणि त्यांना दुसऱ्या रांगेतली पांढरी साडी दिसली. "उज्वला, तू स्वतःहून गेली होतीस ना गं?"

"नाही, फादर," ताई म्हणाली.

आमच्या चर्चच्या एका हुशार माणसाने पेटीवाल्याला खूण केली आणि पेटीवाल्याने भजन सुरू केलं. पुतळामावशी तिथूनच म्हणाल्या, "बंद कर ते." पेटी बंद झाली.

मग आप्पा उठले. माझ्या बापाला मी घाबरलेला कधी पाहिला नव्हता. "फादर, म्या प्रयत्न केला व्हता," ते म्हणाले. "कारखान्यात उभ्यानं काम. रातपाळी. तंबाखू सुटली की डोकं गरगरायचं, हात थरथरायचे. दोन दिस काढले म्या. न्हाई जमलं." ते थांबले, आणि मग जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "आन् पोरगी कुटं वाईट जागी गेली? देवाच्याच घरी गेली की."

दोन दिवस. ज्या दोन दिवसांत बापाचं मन भरून आलंय म्हणून मी रडले होते, ते हे दोन दिवस. एका माणसाला तंबाखू सुटली नाही म्हणून एका मुलीचं तारुण्य गेलं. आणि तेवढ्यावर न थांबता हा माणूस पाच वर्षं तिला सर्दीखोकल्याचा हिशेब मागत होता. सगळं माहीत असून. दवाखान्यात तिच्या शेजारी बसून "बघ" म्हणाला तेव्हाही माहीत होतं. मी आईकडे बघितलं. आई जपमाळेचे मणी ओढत होती. तिला ठाऊक होतं की नव्हतं, ते मी अजून विचारलेलं नाही. चंचीतला चुना मात्र इतकी वर्षं तीच भरत आली.

ताई उठली. रांगेतून वाट काढत पुढे गेली. विश्वजित मागून "ताई, ताई" करत होता, तिने वळून बघितलं नाही. ती आप्पांसमोर उभी राहिली आणि हात पुढे केला.

"चंची द्या, आप्पा."

सगळ्यांना वाटलं, ती फेकून देणार. मलाही तेच वाटलं, मी मनात म्हटलं, फेक, त्यांच्या तोंडावर फेक. आप्पांनाही तेच वाटलं असणार. त्यांनी चंची काढून तिच्या हातावर ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

ताईने चंची उघडली. तळहातावर तंबाखू घेतली. नखाने चुना घेतला. आणि ती अंगठ्याने चोळायला लागली, शांतपणे, रोजचं काम असल्यासारखी. लहानपणापासून बघितलेलं, एकही गोष्ट चुकली नाही. दोनदा थोपटलं, भुकटी उडाली, पहिल्या रांगेतल्या एका बाईंना शिंक आली. मग तिने चिमूट करून आप्पांसमोर धरली.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्हाला लागते. लाजू नका."

आप्पांनी डोळे उघडले. फादरकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. तिच्या हातचं पाणीसुद्धा ते घेत नव्हते. मला वाटलं, आता तरी हा माणूस मान हलवेल, आता तरी नको म्हणेल. त्यांचा हात वर आला. त्यांनी ती चिमूट घेतली आणि ओठाखाली ठेवली.

ताईने चंची मिटून त्यांच्या खिशात घातली, आणि हात धुवायला बाहेर नळावर गेली. त्याच आठवड्यात ती निळी साडी नेसून दिवाळ्याला खोलीवर राहायला गेली. विश्वजित अजून ठणठणीत आहे.